आरोग्याचे आकडे पडताळण्यासाठी मोजलेली वाट हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत चालण्या-धावण्याचा हिशेब ठेवणाऱ्या ॲपविषयीचा लेख वाचला. कोणत्या ॲपमध्ये कोणती सोय आहे, याची माहिती त्यात चांगली दिली होती. मात्र ॲपने दाखवलेला आकडा खरा आहे की नाही, हे वाचकाने कसे पडताळावे, याविषयी त्यात काही नव्हते. गेली तीन वर्षे मी स्वतः तयार केलेल्या एका छोट्या वेब ॲपवर माझी आणि घरच्या चार माणसांची नोंद ठेवत आहे. ते तपासताना आणि दुरुस्त करताना जे हाती आले, ते आपल्या वाचकांना आणि विशेषतः नगरपालिकांना उपयोगी पडेल असे वाटल्याने हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे, त्याबद्दल क्षमा असावी.

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला स्थापत्य अभियंता आहे. नोकरीची पहिली बारा वर्षे कालव्यांच्या सर्वेक्षणात गेली. साखळी, थिओडोलाइट, डंपी लेव्हल आणि फील्ड बुक हीच तेव्हाची आमची साधने होती. निवृत्तीनंतर रक्तातील साखर सीमारेषेवर असल्याचे कळले, डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले, आणि साताऱ्यातील अनेकांप्रमाणे मीही पहाटे ‘चार भिंती’ या स्मारकाच्या बाजूने अजिंक्यतारा किल्ल्याची चढण चढू लागलो. तयार ॲप दोन-तीन वापरून पाहिली. त्यांत मराठी नव्हते किंवा नावापुरते होते, भाकरी, पिठले, थालीपीठ यांना जागा नव्हती, आणि माझी नोंद नेमकी कुठे जाऊन राहते, हे कळायला मार्ग नव्हता. संगणक क्षेत्रात काम करणाऱ्या माझ्या भाच्याने दोन महिने दर रविवारी येऊन मला जावास्क्रिप्ट ही संगणकाची भाषा शिकवली. त्यातून फोनच्या ब्राउझरमध्ये उघडणारे एक साधे पान तयार झाले. त्यात चालण्याचे अंतर, वेळ आणि चढ आपोआप नोंदला जातो. वजन आणि कंबरेचा घेर हाताने लिहायचा असतो. घरात आम्ही त्याला ‘पाऊलवही’ म्हणतो.

ॲप चालू झाले म्हणजे काम संपले, असे पहिले पंधरा दिवस मलाही वाटले. मग जुनी सवय जागी झाली. जमिनीच्या उंचीची मापे (लेव्हल) घेत निघालेला सर्वेक्षक संध्याकाळी पुन्हा सुरुवातीच्या बेंचमार्कवर, म्हणजे उंची आधीच ठाऊक असलेल्या खुणेवर, येतो आणि सकाळची उंची व संध्याकाळची उंची जुळते का ते पाहतो. जो फरक उरतो त्याला आम्ही क्लोजिंग एरर म्हणतो. तो मर्यादेबाहेर असेल तर दिवसभराचे काम पुन्हा करावे लागते, मग ऊन कितीही असो. कालव्याच्या तळाला दिलेला उतार किलोमीटरमागे काही सेंटिमीटरच असतो, त्यामुळे ही शिस्त पाळली नाही तर पाणी पुढे सरकतच नाही. हीच शिस्त मी पाऊलवहीला लावायचे ठरवले.

पहिली चाचणी अगदी साधी होती. फोन गच्चीच्या कठड्यावर ठेवला, ‘सुरू’ दाबले आणि वीस मिनिटे मी शेजारी खुर्ची टाकून बसलो. पाऊलवहीने तेवढ्या वेळात ३१० मीटर चाल नोंदवली. कारण समजायला कठीण नाही. मोकळ्या आकाशाखालीही फोनचा जीपीएस आपली जागा साधारण पाच मीटरच्या वर्तुळात कुठेतरी सांगतो. इमारती, झाडी किंवा कडा जवळ असेल तर हे वर्तुळ आणखी मोठे होते. दर सेकंदाचा बिंदू थोडा इकडे, थोडा तिकडे पडतो आणि त्या बिंदूंना जोडणाऱ्या रेघांची बेरीज, माणूस जागचा हलला नाही तरी, वाढतच राहते.

दुसरी चाचणी एका महाविद्यालयाच्या मैदानावर, ४०० मीटरच्या धावपट्टीवर घेतली. हे ४०० मीटर सर्वांत आतल्या पट्टीत, आतल्या कडेपासून ३० सेंटिमीटर सोडून मोजलेले असतात. एकेक पट्टी १.२२ मीटर रुंद असल्याने दुसऱ्या पट्टीतून चालले तर प्रत्येक फेरीला सुमारे ७ मीटर वाढतात. म्हणून आतली कड न सोडता मी दहा फेऱ्या मारल्या. चार किलोमीटरच्या जागी पाऊलवहीने ४.४३ किलोमीटर दाखवले. फोन प्रत्येक बिंदूबरोबर तो किती मीटरपर्यंत चुकू शकतो याचा अंदाजही देत असतो. तो मी वाचतच नव्हतो. आता वीस मीटरपेक्षा जास्त शंका असलेला बिंदू टाकून दिला, आणि आधीच्या बिंदूपासूनचे अंतर त्या शंकेपेक्षा कमी असेल तर माणूस जागेवरच आहे असे धरले. गच्चीवरची चाल शून्यावर आली आणि धावपट्टीवरचे चार किलोमीटर ४.०६ झाले.

यानंतर जे घडले ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. दुरुस्तीपूर्वी यवतेश्वरच्या घाटात रस्त्यावरच्या किलोमीटरच्या दगडांशी मी पाऊलवही ताडून पाहिली होती. चार किलोमीटरला तिने ४.०२ दाखवले होते आणि त्या जोरावर मी तिच्या अचूकतेची खात्री घरात सर्वांना दिली होती. दुरुस्तीनंतर तोच रस्ता ३.७८ किलोमीटर भरला. माझी पहिली समजूत अशी झाली की दुरुस्तीच चुकली. नोंदलेले बिंदू नकाशावर मांडल्यावर खरा प्रकार दिसला. घाटातल्या वळणांवर बिंदू लांब लांब पडत होते आणि ॲप वळणाच्या कमानीऐवजी तिची जीवा, म्हणजे दोन टोकांमधली सरळ रेघ, मोजत होते. जीवा कमानीपेक्षा आखूडच असणार. म्हणजे आधी जीपीएसच्या डळमळीतपणाने अंतर वाढत होते, वळणांनी ते कमी होत होते, आणि दोन चुका एकमेकींना झाकून बरोबर उत्तर देत होत्या. सर्वेक्षणाच्या वर्गात परस्परांची भरपाई करणाऱ्या चुकांविषयी आम्हाला बजावून सांगितले होते. तरीही एका जुळलेल्या आकड्यावर मी विसंबलो. दिशा झपाट्याने बदलत असेल तेव्हा बिंदू दाट घ्यायचे, असा बदल केल्यावर घाटाचे अंतर ३.९५ किलोमीटरवर आले आणि धावपट्टीचा आकडाही बिघडला नाही. तेव्हापासून माझा नियम असा आहे की एकाच वाटेवर जुळलेले अंतर खरे मानायचे नाही. सरळ, वाकडी आणि झाडीतली अशा किमान तीन वाटांवर ते जुळले पाहिजे.

चढाच्या आकड्याची स्थिती याहून वाईट होती. घराच्या पायरीवरून निघून किल्ल्यावर जाऊन पुन्हा त्याच पायरीवर आल्यावर एकूण चढ आणि एकूण उतार समान भरायला हवेत. पाऊलवहीने ३३८ मीटर चढ आणि २९१ मीटर उतार दाखवला. क्लोजिंग एरर ४७ मीटर. जीपीएसची उंची ही त्याच्या आडव्या स्थानापेक्षा बरीच ढिली असते, कारण सगळे उपग्रह वरच्या बाजूला असतात, पायाखालून मोजणारा एकही नसतो. यावर उपाय म्हणून फोनची उंची वापरणेच सोडले आणि फेब्रुवारी २००० मध्ये ‘एंडेव्हर’ या अवकाशयानाने रडारने मोजलेल्या भूपृष्ठाच्या उंचीचे जे आकडे सर्वांना मोफत मिळतात, ते वापरले. त्यांत साधारण ३० मीटरच्या चौकटीमागे एक उंची असते. आता चढ-उताराचा ताळा जमतो. पण तो नकाशामुळे जमलेला आहे, मोजणीमुळे नाही, हे माझ्या लक्षात आहे. म्हणून चढाच्या आकड्यापुढे मी ‘अंदाजे’ हा शब्द कायमचा लिहिला आहे.

काही चुका मोजमापाच्या नव्हत्या, आपल्या देशाच्या आणि भाषेच्या होत्या. उन्हाळ्यात मी पाचच्या सुमारास बाहेर पडतो. दोन महिन्यांनी लक्षात आले की पहाटेची चाल आदल्या दिवशी नोंदली जात आहे. जावास्क्रिप्टमध्ये तारीख मजकुरात उतरवण्याची जी सर्वांत प्रचलित आज्ञा आहे, ती जागतिक प्रमाणवेळ धरते, आणि भारत त्या वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. पहाटे साडेपाचपर्यंत त्या आज्ञेच्या दृष्टीने कालचाच दिवस चालू असतो. युरोपात बसून ॲप लिहिणाऱ्याला ही चूक फारशी दिसणारच नाही; आपल्याकडे मात्र पहाटे फिरणाऱ्या प्रत्येकाला तिचा फटका बसू शकतो.

दुसरी चूक माझ्या ८२ वर्षांच्या आईने दाखवली. मी तिला फोन दिला, ‘आई, आजचं वजन लिही’ एवढेच म्हटले आणि शेजारी गप्प बसलो. तिने ‘५१.५’ असे देवनागरी अंकांत लिहिले आणि पानाने ते घेतलेच नाही. ब्राउझरमधील आकड्याची चौकट देवनागरी अंक ओळखत नाही. ते आधी इंग्रजी अंकांत बदलून द्यावे लागतात. चार ओळींची ही दुरुस्ती आहे. पण शब्द मराठी आणि अंक परके, अशी माझ्या पानाची अवस्था होती आणि ती मला वर्षभर जाणवली नव्हती. आईला फिकट राखाडी अक्षरेही दिसत नव्हती. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे प्रमाण निदान ४.५ असावे, असा वेबवरील मान्य निकष आहे. माझ्या पानावर ते तीनपेक्षाही कमी होते. मेहुण्यांना लाल आणि हिरव्यातला फरक नीट कळत नाही, म्हणून रंगांच्या जोडीला शब्द आले. ‘ॲप आवडले का?’ असे विचारले असते तर घरचे सगळे ‘छान आहे’ म्हणाले असते. एक काम सांगून नुसते पाहत बसल्यामुळे पाच माणसांनी एका दुपारी मला अकरा चुका दाखवून दिल्या.

एक चूक मात्र भरून आली नाही. काही ब्राउझर काही काळ न वापरलेल्या पानाची साठवलेली माहिती आपोआप पुसून टाकतात, हे मला माहीत नव्हते. आई काही दिवस बहिणीकडे कऱ्हाडला राहून आली, तेवढ्यात तिच्या चार महिन्यांच्या नोंदी गेल्या. ‘राहू दे, पुन्हा लिहीन,’ असे ती म्हणाली, पण रोज चष्मा शोधून लिहिलेले ते आकडे माझ्या निष्काळजीपणामुळे गेले याचे मला आजही वाईट वाटते. आता दर रविवारी सगळ्यांच्या नोंदींची एक फाइल घरच्या संगणकावर उतरवली जाते. जे स्वतः ॲप करू पाहतात त्यांनी ही सोय पहिल्या दिवशी करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आता कॅलरीविषयी. बहुतेक ॲप व्यायामाच्या प्रकाराला एक ठरलेला गुणक देतात आणि त्याला वजनाने व तासांनी गुणतात. बेताच्या गतीने चालण्याचा गुणक सुमारे ३.५ धरला, तर माझ्या ६४ किलो वजनाला ४० मिनिटांच्या चालीचे साधारण १५० कॅलरी येतात. परंतु त्यात स्वस्थ बसून राहिलो असतो तरी खर्च झाल्याच असत्या अशा ४० हून अधिक कॅलरी धरलेल्या असतात. चालण्यामुळे जास्तीच्या खर्च झालेल्या कॅलरी १०७ च्या आसपासच उरतात; ज्वारीच्या मध्यम भाकरीच्या अर्ध्याइतक्या. दिवसभराच्या खर्चात विश्रांतीचा खर्च एकदा धरायचा आणि व्यायामात तो पुन्हा मिळवायचा, ही दुहेरी नोंद आहे, आणि तेवढ्या भरवशावर माणूस संध्याकाळी एक घास जास्त खातो. यंत्र महाग असले म्हणून हा आकडा सुधारतो असेही नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये मनगटावरची सात यंत्रे तपासली. त्यांतील सहा यंत्रांनी नाडीचा वेग ५ टक्क्यांच्या आतील चुकीने सांगितला. कॅलरीत मात्र सर्वांत चांगले यंत्रही सरासरी २७ टक्क्यांनी चुकले आणि सर्वांत वाईट ९३ टक्क्यांनी. मी पाऊलवहीतून कॅलरीचा रकाना काढूनच टाकला. त्या जागी आठवड्यात किती मिनिटे हालचाल झाली ते दिसते, कारण मिनिटे घड्याळाने मोजता येतात.

मिनिटांवर येण्याचे आणखी एक कारण होते. रोज १० हजार पावलांचे जे उद्दिष्ट सगळीकडे सांगितले जाते, ते वैद्यकीय संशोधनातून निघालेले नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर १९६५ मध्ये जपानमध्ये पावले मोजणारे एक यंत्र विकायला आले. त्याच्या नावाचा अर्थच ‘दहा हजार पावले मोजणारे’ असा होता. पुढे २०१९ मध्ये अमेरिकेतील सोळा हजारांहून अधिक वयस्कर स्त्रियांच्या अभ्यासात असे दिसले की रोज ४,४०० पावले चालणाऱ्यांतही मृत्यूचे प्रमाण २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा बरेच कमी होते आणि साधारण ७,५०० पावलांनंतर फरक वाढत नव्हता. माझ्या पत्नीचा फोन दिवसभर ओट्यावर असतो. पहाटेपासून उभी असलेल्या या बाईच्या नावावर पाऊलवही १,९०० पावले लिहीत होती आणि ‘आज कमी चाललात’ असे तिला सांगत होती. ते वाक्य मीच लिहिले होते, आणि ते तिच्यावर अन्याय करणारे होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांची मध्यम हालचाल सांगितली आहे. घरकामही त्यात धरलेले आहे आणि एका वेळी सलग दहा मिनिटे हवीत ही जुनी अटही काढून टाकली आहे. आता पाण्याच्या कळश्या, फरशी पुसणे, बाजारातून पिशव्या आणणे हे तिला नोंदता येते. ‘सलग किती दिवस’ हा रकानाही मी काढला, कारण साखळी तुटू नये म्हणून आमचे एक शेजारी अंगात ताप असताना किल्ला चढून आले होते.

वजन आणि उंची यांवरून काढलेल्या बीएमआयबद्दल मराठी वाचकाला आपल्याच पुण्याचे उदाहरण माहीत असायला हवे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधील डॉ. जॉन यडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचीच मोजमापे शेजारी शेजारी ठेवून दाखवली. दोघांचाही बीएमआय २२.३ होता; यडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के होती आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. पाश्चात्त्य कोष्टकातली २५ ही मर्यादा आपल्याला जशीच्या तशी लावून चालत नाही. २००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी जादा वजनासाठी २३ आणि लठ्ठपणासाठी २५ ही मर्यादा सुचवली, आणि कंबरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा असे सांगितले. वजनाचा रोजचा आकडाही मी आता दाखवत नाही, कारण मीठ आणि पाणी यांमुळेच तो एखादा किलो वर-खाली होतो. दिसते ती सात दिवसांची सरासरी.

इतके सगळे करूनही पाऊलवही अचूक झाली असे मी म्हणणार नाही. तिची चूक किती आहे हे मला ठाऊक आहे आणि ते तिच्या पहिल्याच पानावर लिहिले आहे: अंतर दोन टक्क्यांपर्यंत चुकू शकते, चढ अंदाजे, पावले फोन अंगावर असताना टाकलेली तेवढीच. माझ्या फोनमधल्या कोणत्याही तयार ॲपने आपल्या चुकीचे प्रमाण असे मला सांगितलेले नाही. आपण आरोग्य पुरवणीत एखाद्या ॲपची किंवा घड्याळाची ओळख करून द्याल तेव्हा त्यांच्या निर्मात्यांना हा प्रश्न विचारावा आणि उत्तर छापावे, एवढी अपेक्षा आहे.

मोठी विनंती नगरपालिकांना आहे. प्रत्येकाला धावपट्टी मिळत नाही आणि घाटातला किलोमीटरचा दगड सगळ्यांच्या वाटेवर नसतो. पण गावोगावी फिरायला जाण्याची एक वाट असतेच. तळ्याचा काठ, नदीचा घाट, बागेतली फेरी, किल्ल्याचा रस्ता. या वाटांवर ५०० मीटर पोलादी पट्टीने नीट मोजून दर १०० मीटरला रंगाची एक खूण आणि सुरुवातीला एक दगड बसवावा, त्यावर मोजणीची तारीख लिहावी. खर्च फार तर दोन माणसांच्या एका दिवसाच्या मजुरीचा आणि रंगाच्या डब्याचा आहे. ब्रिटिश काळातील त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या उंचीच्या खुणा अजूनही जुन्या इमारतींच्या जोत्यांवर आणि पुलांवर सापडतात. त्यांच्या आधारे आम्ही कालवे आखले. चालणाऱ्या माणसाला तसा एक बेंचमार्क मिळाला, तर दोन हजारांचे घड्याळ असो वा पन्नास हजारांचे, त्याची चूक त्याला दहा मिनिटांत स्वतः काढता येईल. शाळेतली मुलेही ही मोजणी विज्ञानाचा प्रकल्प म्हणून करू शकतात आणि एका वर्गातल्या सगळ्या फोनचे आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहू शकतात.

साताऱ्यात चार भिंतींच्या रस्त्यावर ही खूण करायची परवानगी मिळावी, असा अर्ज मी गेल्या महिन्यात दिला आहे. तीस मीटरची पट्टी, खुंट्या आणि फील्ड बुक माझ्याकडे आहे. मला पट्टीचे दुसरे टोक धरणारा एक माणूस आणि पहाटेची, वाहने नसलेली दोन तासांची वेळ एवढेच हवे आहे.

आपला,
एक निवृत्त स्थापत्य अभियंता,
सातारा